फलकावरचे तास

जळगावात पितांबर सरांच्या क्लासमध्ये पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर आधी फलक दिसायचा. मोठा पांढरा फलक, त्यावर निळ्या मार्करने बत्तीस नावं, आणि प्रत्येक नावापुढे एकच आकडा. काल हे लेकरू किती तास खुर्चीला चिकटून होतं, तो आकडा. त्याला काय कळलं, काय राहिलं, कुठल्या विषयात ते गटांगळ्या खातंय, याच्याशी त्या फलकाचं काही देणंघेणं नव्हतं.

बत्तीसही जण डॉक्टर होते, पण अर्धेमुर्धे. कोणी किर्गिझस्तानातून शिकून आलेलं, कोणी रशियातून, कोणी फिलिपिन्समधून. परदेशात शिकलेल्या डॉक्टराला इथं रोग्याच्या अंगाला हात लावायचा असेल तर आधी सरकारची एक परीक्षा पास व्हावी लागते. एका दिवसात तीनशे प्रश्न. दीडशे बरोबर आले तर पुढची वाट मोकळी; एकशे एकोणपन्नास आले तर डिग्री पुन्हा कपाटात. वर्षातून दोनदा ही परीक्षा होते आणि निम्म्याहून जास्त पोरं दर वेळी हात हलवत परत येतात. मोहिनी फेगडे त्यांतलीच. रावेर तालुक्यातली, केळीवाल्या लीलाधर फेगड्यांची थोरली.

सरांची पद्धत साऱ्या जळगावात नावाजलेली होती. चौदा तास बैठक, तेरा वेळा वाचन आणि चार रंगांच्या नोट्स. रोग लाल रंगात, तपासणी निळ्या, औषध हिरव्या, आणि परीक्षेत हमखास येणारं ते गुलाबी. 'आसन सिद्ध, तर विद्या सिद्ध' असं ते दर सोमवारी सांगायचे. स्वतः सर बारावीला जीवशास्त्र शिकवून पुढे आलेले. ही परीक्षा त्यांनी कधी दिलेली नव्हती आणि देण्याचा प्रश्नही नव्हता. तरी बत्तीस अर्धे डॉक्टर त्यांच्यापुढे माना खाली घालून बसत, कारण नापास झालेल्या माणसाला कोणीही उठून शहाणपण शिकवावं अशी आपल्याकडे रीतच आहे.

आणि घरी आबा. लीलाधर आबांना ही तासांची भाषा पहिल्या दिवशीच पटली. केळीला ठिबक किती तास चाललं, लाइट किती तास होती, यावरच ज्याचा दिवस उगवतो आणि मावळतो, त्याला पोरीचा अभ्यासही तासातच मोजावासा वाटला. रोज संध्याकाळी सातला फोन यायचा. जेवलीस का, बरी आहेस का, हे नंतर. आधी प्रश्न एकच, किती तास झाले आज. मोहिनी तेरा म्हणाली की आबा खुश. अकरा म्हणाली की फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा.

जानेवारीत पहिल्यांदा परीक्षा दिली, एकशे एकतीस आले. मग तेराचे चौदा तास झाले. नोट्सच्या वह्या सतरा झाल्या. मधल्या बोटाला घट्टा पडला. जुलैत पुन्हा दिली, एकशे छत्तीस. सहा महिने रक्त आटवून पाच मार्क वाढले होते.

निकालानंतर सरांनी आबांना जळगावला बोलावून घेतलं. मोहिनीला समोर उभं करून म्हणाले की मुलगी हुशार आहे, पण बैठक कच्ची. मन बसत नसेल तर नुसतं अंग बसवून काय उपयोग. आबांनी मान खाली घातली. बापाची ती खाली गेलेली मान पाहून मोहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तेव्हा तो राग तिचा स्वतःवरच होता. सरांचं खरं असेल असं तिलाही वाटत होतं. शेजारच्या बाकावर दोंडाईच्याची सोनल बसायची, तिचीही दुसरी वेळ. जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "बठ्ठं वाचेल शे व मोहिनी, पन पेपरमा काहीच आठवस नई." सगळं वाचूनही पेपरमध्ये काही आठवत नाही, हा दोघींनाही आपलाच दोष वाटला.

ऑगस्टमध्ये मोहिनी सतरा वह्या घेऊन महिनाभरासाठी घरी आली. आबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आता तिसरी वेळ आणि तीच शेवटची. जानेवारीत नाही झालं तर भुसावळला हितेंद्रच्या मेडिकल दुकानात बसायचं. हितेंद्र चुलतभाऊ, भला माणूस, दुकानही चांगलं चालतं. गोळ्या देण्याचं काम काही हलकं नाही. पण दुसऱ्या डॉक्टरने लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून गोळ्या द्यायच्या, तेही सहा वर्षं मेडिकल शिकून, हे तिला पटेना.

त्याच महिन्यात सुकाभाऊचं झालं.

सुका सातपुड्याच्या पायथ्याचा. तो आणि त्याची बायको चमेलीबाई आबांच्या शेतावर चार वर्षांपासून राहत होते. केळीच्या पलीकडे आबांची चार एकर कपाशी होती. त्या दिवशी सकाळपासून सुका पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारत होता. तोंडाला फडकं नव्हतं, वारा उलटा होता. दुपारी चमेलीबाई धावत घरी आली आणि म्हणाली की ते पडले. मोहिनी अनवाणीच पळाली.

सुका बांधावर आडवा पडला होता. तोंडातून लाळ, अंगाला घामाच्या धारा, दंडाचे स्नायू उडत होते. तिने त्याची पापणी वर केली. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. हे तिने वाचलं होतं. एकदा नाही, तेरा वेळा वाचलं होतं. अकराव्या वहीत, डाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. पान तिला लख्ख दिसत होतं. गुलाबी चौकट दिसत होती, हिरव्या शाईतली ओळ दिसत होती, पण त्या ओळीत काय लिहिलं होतं ते काही केल्या दिसेना. लग्नात एखादा पाहुणा समोर येऊन हसतो, चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव ओठावर येत नाही, तसं तिचं झालं. ती गुडघ्यावर बसून राहिली.

चमेलीबाई थांबली नाही. तिने नवऱ्याचा औषधाने भिजलेला सदरा टराटरा फाडून काढला, त्याला कुशीवर वळवलं आणि ठिबकची नळी उपसून अंगावर पाणी सोडलं. तिच्या पाड्यावर असे दोघे गेले होते, म्हणून तिला माहीत होतं. शाळेचा उंबरा न पाहिलेल्या बाईच्या हातांना जे आठवलं ते डॉक्टर मोहिनी फेगडेला आठवलं नाही.

आबांनी गाडी काढली. रावेरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फवारणीच्या औषधाची विषबाधा एका नजरेत ओळखली. सलाईन लावता लावता त्यांनी सिस्टरला सांगितलं, "अ‍ॅट्रोपिन." त्या विषावरच्या उताऱ्याचं नाव कानावर पडलं आणि मोहिनीच्या डोक्यात ते पान एकदम पूर्ण झालं. अर्थात, वरातीमागून घोडं. सुका वाचला. चौथ्या दिवशी उठून बसला आणि चहा मागितला.

पण मोहिनी बसली ती ओसरीवर, सतरा वह्या पुढ्यात घेऊन. रडली नाही. तिला राग आला होता, आणि पहिल्यांदाच तो योग्य माणसावर आला होता. वर्षभर तिला पान ओळखायला शिकवलं होतं, उत्तर द्यायला नाही. वाचलेलं पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं, आणि त्याच भ्रमावर तो सगळा क्लास चालला होता. तेरा वाचनांत एकदा तरी वही मिटून 'सांग बघू' असं कोणी म्हटलं होतं का? एकदाही नाही. बत्तीस पोरांना चौदा-चौदा तास बसवायचं, रंग भरायला लावायचे, आणि नापास झाली की त्यांच्याच बैठकीला नावं ठेवायची. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं आणि वर घड्यालाच बोल लावायचा, असला हा न्याय.

दुसऱ्या दिवशी तिने केळी भरायच्या खोक्यांचे फाटके पुठ्ठे शेडमधून आणले आणि कात्रीने पत्त्याएवढे तुकडे कापले. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. फवारणीनंतर लाळ, घाम, बारीक बाहुली, तर काय? मागे: अ‍ॅट्रोपिन. वह्यांतून नव्हे, जुन्या पेपरांतून आणि आपल्या चुकलेल्या उत्तरांतून तिने हे तुकडे लिहिले. आधी प्रश्न सोडवायचा, आपटायचं, आणि मग कुठे आपटलो तेवढंच वाचायचं. रंग एकच, काळा.

हे तुकडे धरायला बेबाबाई. मोहिनीची आई चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचणारी. तिच्या दोन बाजूंना केळीचे दोन प्लास्टिकचे क्रेट असायचे. कणीक मळून झाली की ती ओट्यावर बसायची, तुकडा उचलायची आणि प्रश्नाची बाजू लेकीकडे करायची. उत्तर बरोबर आलं तर तुकडा उजव्या क्रेटमध्ये. तो आठ दिवसांनी पुन्हा निघायचा. चुकलं तर डाव्या क्रेटमध्ये. तो उद्याच पुन्हा पुढ्यात. बेबाबाईला औषधाचं नाव वाचायला वेळ लागायचा आणि ती अक्षर न् अक्षर ताडून बघायची, त्यामुळे मोहिनीला गुळगुळीत काही सांगून निसटता यायचं नाही. मोहिनी मोघम बोलून सुटायला पाहायची तेव्हा आई तुकडा खाली ठेवायची आणि म्हणायची, "हे मले समजंल असं सांग. मले समजलं तर तुले आलं."

डावा क्रेट पहिले पंधरा दिवस भरून वाहत होता. मोहिनीला लाज वाटायची, पण ती खरी लाज होती, चौदा तासांच्या खोट्या समाधानापेक्षा बरी. सप्टेंबर उलटला तसे तुकडे डावीकडून उजवीकडे जायला लागले.

ठरलेला महिना संपला होता तरी ती जळगावला परत गेली नव्हती. सरांचा आबांना फोन आला. पोरगी घरी बसवून हातची घालवाल, हे केळीचं खोकं नव्हे, ही मेडिकलची परीक्षा आहे, असं बरंच काही. सरांनी फलकावरून तिचं नाव पुसल्याचं सोनलने कळवलं. आबा अस्वस्थ झाले. त्यांनी गुपचूप घड्याळ लावून पाहिलं, तर पोरगी दिवसाला जेमतेम सात तास बसत होती. त्यातलेही दोन तास आईशी बोलण्यात जात होते आणि एक तास शेतात फिरण्यात. त्यांनी तिला सकाळी बागेत गाठलं.

आबा तेव्हा त्यांचं रोजचं काम करत होते. ठिबकचं टायमर रात्रभर चाललेलं असायचं, तरी आबा सकाळी दर दहा-वीस झाडांमागे एकदा वाकायचे, खोडापासून वीतभर अंतरावर बोटं मातीत खुपसायचे, मूठभर माती काढून दाबून बघायचे. गोळा झाला तर ओल पोचली. माती भुसभुशीत सुटली तर नळी तुंबली. आणि चिखल हाताला लागला तर पाणी जास्त झालं, मूळ सडेल. हे त्यांनी वडिलांकडून घेतलं होतं आणि टायमर आल्यावरही सोडलं नव्हतं.

"सात तासात कोन डॉक्टर झालं व?" ते वाकलेलेच म्हणाले. "सर सांगतात ते काय येडे आहेत?"

मोहिनी दोन पावलं पुढे आली. आवाज न चढवता तिने विचारलं.

"आबा, टायमरात आठ तास दिसतात, मग तुम्ही मातीत हात कायले घालता?"

"टायमरले काय कयतं? ठिबकची नयी तुंबली तर तास भरतात अन् झाड वायतं, सुकून जातं."

"माही नयी वर्षभर तुंबली होती आबा. तुम्ही रोज फोन करून तासच इचारले. मातीत एकदाही हात घातला नाही."

आबा हातातली माती खोडाशी टाकून पुढच्या झाडाकडे गेले. त्या संध्याकाळी बेबाबाईच्या जागेवर ओट्यावर आबा येऊन बसले. चष्मा पुसून त्यांनी डाव्या क्रेटमधला तुकडा उचलला आणि प्रश्नाची बाजू पोरीकडे केली. तास कोणी विचारले नाहीत.

जानेवारीत परीक्षा झाली. निकालात एकशे ब्याण्णव.

बेबाबाईने गल्लीत पेढे वाटले, सुकाने पहिल्यांदा तिला 'डॉक्टरताई' म्हटलं. आणि पाचव्या दिवशी रावेरच्या बसस्थानकाबाहेर भला मोठा फ्लेक्स लागला. वरती पितांबर सरांचा हात जोडलेला फोटो, त्याहून लहान मोहिनीचा, आणि खाली पिवळ्या अक्षरांत 'चौदा तास पद्धतीचे घवघवीत यश! डॉ. मोहिनी लीलाधर फेगडे यांचे हार्दिक अभिनंदन'. ज्या माणसाने तिचं नाव फलकावरून पुसलं त्याने तिचं नाव चौकात टांगलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मोहिनी फ्लेक्सखाली उभी राहिली तेव्हा तिचे कान तापले. एक ओळखीचे गुरुजी थांबून म्हणाले की चौदा तास म्हणजे कमालच केलीस बाई, आमच्या नातवालाही सांगतो. ती त्यांना समजावायला लागली, पण त्यांची बस आली.

जळगावला सत्काराचा कार्यक्रम ठरला. मोहिनी जाणारच नव्हती. सोनलचा फोन आला तेव्हा तिने बेत बदलला. सोनल तिसऱ्यांदाही नापास झाली होती, एकशे बेचाळीस. सरांनी तिचे तास आता पंधरा केले होते.

हॉलमध्ये दोनशे माणसं होती. निम्मे आईबाप, नव्या पोरांना क्लासला घालायला आलेले. फलक मुद्दाम मंचाजवळ आणून ठेवला होता. सोनलच्या नावापुढे पंधरा लिहिलेलं होतं आणि ती पहिल्या रांगेत बसून डुलक्या खात होती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. आबांना मंचावर खुर्ची दिली होती. त्यांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि सरांनी माईकवर सांगितलं की असा बाप लाभला म्हणून ही पोर चौदा तास बसली.

मग मोहिनीला माईक दिला. तिने सरळ सांगितलं. की दोन वेळा ती तेरा-चौदा तास बसून नापास झाली. की तिसऱ्या वेळी ती सात तास बसायची, आणि त्यात वाचण्यापेक्षा वही मिटून उत्तर देणं जास्त होतं. केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर प्रश्न लिहायचा, चुकायचं, चुकलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारून घ्यायचं. की चार रंगांच्या सतरा वह्यांमधून शेतात पडलेल्या माणसासाठी तिला एक शब्द सापडला नव्हता. मागच्या रांगेतल्या एका बाईने वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली.

सर हसले. मायेने हसतात तसं हसून त्यांनी माईक आपल्याकडे घेतला आणि म्हणाले, "बघा, किती विनय आहे. अहो, चौदा तासांचा पाया इथंच घातला गेला, म्हणून सात तासांत कळस चढला. यशस्वी माणसाला आपले कष्ट आठवत नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिहून घेणाऱ्या बाईने लिहिलेलं खोडलं.

मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. नापास झाल्यावरही आलं नव्हतं इतकं आलं. खरं बोलून झालं होतं आणि त्याचंही सरांनी खतच करून घेतलं होतं. ती मंचाच्या पायऱ्या उतरायला वळली.

तेवढ्यात आबा खुर्चीतून उठले. त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, त्यावर नारळ ठेवला आणि सरांच्या हातातला माईक मागून घेतला. आयुष्यात त्यांनी माईक कधी धरला नव्हता. तो फार जवळ धरल्याने आवाज घुमला.

"तास मी मोजले आहेत, सर. रोज, फोन करू करू. तुमचे चौदा तास भरले तवा माही पोर दोनदा नापास झाली. तास मोजनं सोडलं तवा पास झाली. हे बी त्या फलकावर लिहा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांनी माईक घेतला, दोनदा टिचकी मारली, आणि आता चहापाणी आहे असं सांगितलं. खुर्च्या सरकल्या. मागच्या रांगेतली बाई आपल्या मुलाचा हात धरून दाराकडे निघाली, चहाला न थांबता.

सोनल उठली होती. ती फलकापाशी गेली आणि तळहाताने स्वतःच्या नावापुढचे पंधरा पुसले. नाव तसंच राहू दिलं. निळा झालेला हात ओढणीला पुसत ती मोहिनीजवळ आली.

"तो पुठ्ठा कोठे भेटी व?"

मोहिनीच्या आधी आबाच बोलले. "रावेरले ये माय. शेडात ढीग पडेल आहे."